वाडीवरचे घर : प्रस्तावना

२८ ऑक्टोबर १६५९ या दिवशी इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात, कोल्स्टरवर्थ गावच्या न्यायसभेपुढे एका सोळा वर्षांच्या मुलाला तीन दंड झाले. त्याच्या मेंढ्या दुसऱ्यांच्या रानातल्या धसकटांत शिरल्या म्हणून ३ शिलिंग ४ पेन्स, डुकरे धान्याच्या शेतात घुसली म्हणून १ शिलिंग आणि आवाराचे कुंपण मोडके ठेवले म्हणून आणखी १ शिलिंग. आपल्याकडे ही जनावरे कोंडवाड्यात गेली असती आणि ती सोडवून आणताना घरच्यांनी पोराचा उद्धार केला असता. मुलाचे नाव आयझॅक न्यूटन.

न्यूटनची चरित्रे पुष्कळ आहेत. हे पुस्तक त्या मोडक्या कुंपणाच्या आतल्या घराचे आहे. ते घर कोणी उभे केले, त्यात कोण जन्मले, कोण रुसले, कोणी ते सोडले आणि सोडल्यानंतर कोणी सांभाळले, याचा हा इतिहास आहे. न्यूटन त्यात येणारच. पण या घराचा एक मुलगा म्हणून.

घर आहे वूल्सथॉर्पला. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या अनेक गावांच्या नावांत शेवटी ‘थॉर्प’ येते. हा शब्द डेन्मार्ककडून आलेल्या वसाहतवाल्यांनी हजारएक वर्षांपूर्वी मागे ठेवला. त्याचा अर्थ मोठ्या गावाला जोडून असलेली छोटी वस्ती, आपल्या भाषेत वाडी. कोल्स्टरवर्थ हे गाव आणि वूल्सथॉर्प ही त्याची वाडी. बाजाराचे ठिकाण ग्रँथम, उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर. आज या वास्तूला ‘वूल्सथॉर्प मॅनर’ म्हणतात आणि ते नाव ऐकून डोळ्यांपुढे एखादा सरदारी वाडा उभा राहतो. प्रत्यक्षात ते चुनखडीच्या करड्या दगडातले, दगडी चौकटींच्या लहान खिडक्यांचे दुमजली शेतघर आहे. ‘मॅनर’ हा शब्द इमारतीपेक्षा हक्काचा आहे. जमिनीच्या एका पट्ट्यावरचे वतन आणि तिथल्या कुळांकडून येणारा खंड, एवढा त्याचा अर्थ.

हा हक्क विकत घेतला न्यूटनच्या आजोबांनी, रॉबर्ट न्यूटन यांनी, १६२३ मध्ये. न्यूटन घराणे ‘योमन’ वर्गातले होते. योमन म्हणजे स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर राबणारा शेतकरी. तो उमराव नसतो आणि कोणाचा मजूरही नसतो. आपल्या जुन्या मिरासदाराशी त्याचे नाते जुळेल. पिढ्यान्‌पिढ्या या लोकांनी वावराला वावर जोडले, मुलांना थोडे थोडे वाढवून दिले, आणि रॉबर्ट यांच्या हयातीत घराणे वाडीच्या वतनदारीपर्यंत पोचले. १६३९ मध्ये त्यांनी वूल्सथॉर्प आपल्या मुलाच्या आणि त्याच्या नियोजित वधूच्या नावे करून दिले. मुलाचे नावही आयझॅकच. वधू हॅना एस्कफ. एस्कफ मंडळी न्यूटनांपेक्षा प्रतिष्ठित आणि शिकलेली होती. हॅनाचा भाऊ विल्यम केंब्रिजला शिकून धर्मोपदेशक झाला होता. न्यूटनांच्या घरात मात्र तोवर कोणाला स्वतःची सही येत नव्हती. थोरल्या आयझॅकच्या कागदांवर सहीच्या जागी नुसती खूण आहे.

एप्रिल १६४२ मध्ये लग्न झाले आणि ऑक्टोबरात थोरला आयझॅक वारला. त्याच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंची यादी उपलब्ध आहे. एकूण किंमत ४५९ पौंड १२ शिलिंग ४ पेन्स. त्यात २३४ मेंढ्या आणि ४६ गुरे. त्या काळच्या साध्या शेतकऱ्याकडे मेंढ्या असत त्या फार तर तीस-चाळीसांच्या हिशेबात. त्यावरून हे घर किती भरलेले होते ते कळते. चुनखडीची हलकी जमीन धान्याला बेताची आणि चराईला उत्तम, त्यामुळे घराचा कणा लोकर हाच होता. वाड्यात मेंढ्या, कोठारात धान्य, कागदांवर खुणा आणि एक गरोदर विधवा, अशा घरात नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १६४२ रोजी, मूल जन्मले. आजच्या कॅलेंडरने ती तारीख ४ जानेवारी १६४३ होते. मूल अपुऱ्या दिवसांचे, इतके लहान की शेर-सव्वाशेराच्या भांड्यात मावेल, असे पुढे घरात सांगत. त्याच्यासाठी औषधपाणी आणायला शेजारच्या गावी दोन बायका धाडल्या होत्या. आपण परतेपर्यंत ते काही राहत नाही, अशी त्यांची इतकी खात्री होती की त्या वाटेत निवांत बसूनच राहिल्या, अशीही आठवण आहे. ते मूल पुढे चौऱ्याऐंशी वर्षे जगले.

मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा हॅनाने दुसरे लग्न केले. नवरा बार्नबस स्मिथ, नॉर्थ विदॅम या जवळच्याच गावचा धर्मोपदेशक, वय साठीच्या पुढे, गाठीला भरपूर पैसा. लग्नापूर्वी हॅनाने अट घातली आणि स्मिथने मुलाच्या नावे जमीन करून दिली, वूल्सथॉर्पच्या घराची दुरुस्तीही करवून घेतली. मुलाला मात्र त्याने आपल्याकडे नेले नाही. आई दीड मैलावर, मूल आजीपाशी, अशी सुमारे साडेसात वर्षे गेली. कागदावर पाहिले तर हॅनाने मुलाचे हित चोख सांभाळले. जमीन वाढली, छप्पर दुरुस्त झाले. मुलाच्या लेखी हिशेब वेगळा होता. १६६२ मध्ये, केंब्रिजला असताना, त्याने आपल्या पापांची एक यादी सांकेतिक लिपीत लिहून ठेवली. तिच्यात आईला आणि सावत्र बापाला घरासकट जाळून टाकण्याची धमकी दिल्याची कबुली आहे. त्याच यादीत आईच्या डब्यातली साखर-फळे चोरणे आहे, बहिणीला मारणे आहे आणि आईने सांगूनही कुंपणातल्या रानात न जाणे आहे. या शेवटच्या नोंदीपाशी मी फार वेळ थांबलो. एकीकडे पेटवून द्यावेसे वाटणारे घर, दुसरीकडे ‘जा रे, जरा शेतावर जाऊन ये’ म्हणणारी आई; आणि दोन्ही एकाच पानावर, एकाच पश्चात्तापाने लिहिलेली.

१६५३ मध्ये स्मिथ वारला आणि हॅना तीन लहान मुले घेऊन वूल्सथॉर्पला परतली. तिच्यासोबत स्मिथचा ग्रंथसंग्रहही आला, धर्मशास्त्राची दोनशेहून अधिक पुस्तके. शिवाय एक जाडजूड वही. स्मिथने १६१२ मध्ये ती धर्मविषयक टिपणांसाठी सुरू केली होती. पानोपानी मथळे घातले, थोडे लिहिले आणि बाकीची पाने कोरीच ठेवली. कागद महाग होता. काही वर्षांनी न्यूटनने ती वही उचलली आणि तिला ‘वेस्ट बुक’ म्हटले. हिशेबनिसांच्या भाषेत वेस्ट बुक म्हणजे कच्ची वही, पक्क्या खातेवहीत जाण्यापूर्वी रोजचे व्यवहार जिच्यात खरडतात ती. कलनशास्त्राचा पाया घालणारी आकडेमोड या वहीत झाली. ज्या माणसाने लहानपणी आई नेली, त्याच्याच कोऱ्या पानांवर. ती वही आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

बाराव्या वर्षी मुलाला ग्रँथमच्या शाळेत घातले. तो तिथे क्लार्क नावाच्या औषधविक्याकडे राहिला. लॅटिन शिकला, छोटी यंत्रे बनवू लागला, सावल्यांवरून वेळ सांगू लागला. सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आईने त्याला परत बोलावले. यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. घरचा थोरला मुलगा, वतनाचा वारस. घराला शेतकरी हवा होता. तिने एक जाणता गडी त्याच्यासोबत दिला, व्यवहार शिकावा म्हणून. बाजाराच्या दिवशी दोघे ग्रँथमला जात. घोडे धर्मशाळेत बांधले की गडी धान्य आणि लोकर विकायला बसे आणि मालक क्लार्कच्या माळ्यावर पुस्तकात डोके घाली. कधी तर शहरापर्यंतही न जाता वाटेवरच्या कुंपणाच्या आडोशाला वाचत बसे आणि परतीच्या गड्याबरोबर घरी येई. एकदा चढावर घोड्यावरून उतरून लगाम धरून चालू लागला. घोडा लगामातून मान सोडवून घरी गेला आणि हा रिकामा लगाम हातात घेऊन पुढे चालतच राहिला, अशी गोष्ट पुढे विल्यम स्टुकली या चरित्रकाराने गावकऱ्यांकडून ऐकून नोंदवली. सुरुवातीला सांगितलेले तीन दंड याच काळातले.

मग घरात तो वाद सुरू झाला जो महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी पाहिला आहे: पोराला शेतात ठेवायचे की शाळेत घालायचे. एका बाजूला आई, तिच्यामागे दोनशे मेंढ्या आणि तीन लहान भावंडे. दुसऱ्या बाजूला मामा विल्यम एस्कफ आणि ग्रँथमचे मुख्याध्यापक हेन्री स्टोक्स. मामा म्हणाले, याला परत पाठव. स्टोक्स त्याहून पुढे गेले. बाहेरगावच्या मुलांकडून शाळा चाळीस शिलिंग फी घेई. ती माफ करतो आणि मुलाला माझ्या घरी ठेवून घेतो, असे त्यांनी सांगितले. आईने ऐकले. घरची गडीमाणसे त्याच्या जाण्याने खूश झाली, कारण विद्यापीठाखेरीज हा कशाच्याही कामाचा नाही असे त्यांचे ठाम मत होते. त्यांचे निदान अचूक ठरले.

आपल्याकडे असे घडते तेव्हा आपण बहुधा एकाच बाजूने गोष्ट सांगतो: मुलगा हुशार, आई अडाणी, गुरुजी देवमाणूस. मला तसे सांगायचे नाही. शेत की शाळा या प्रश्नाला वूल्सथॉर्पच्या घराने जे उत्तर दिले त्यात शाळेची किंमत शेतानेच मोजली. जून १६६१ मध्ये न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला तो ‘सायझर’ म्हणून. सायझर म्हणजे सधन विद्यार्थ्यांची आणि अध्यापकांची वरकामे करून शिकणारा मुलगा. वार लावून जेवणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची आठवण यावी असा. घर खाऊनपिऊन सुखी असताना आईने हात आखडता घेतला हे खरे. पण जे पैसे आले ते मेंढ्यांच्या पाठीवरून आले हेही खरे. मे १६६५ मधले तिचे एक फाटके पत्र शिल्लक आहे. अक्षर कष्टाचे, वाक्ये तोडकी, विषय कपड्यांचा आणि आशीर्वादांचा. सही न येणाऱ्या घरातल्या सुनेने लेकाला स्वतःच्या हाताने लिहिलेले ते पत्र मी या घराच्या सगळ्या कागदांत मोलाचे मानतो.

त्या पत्रानंतर काही महिन्यांतच केंब्रिजला प्लेगची भीती पोचली आणि विद्यापीठ बंद झाले. १६६५ च्या उन्हाळ्यापासून १६६७ च्या एप्रिलपर्यंतचा बहुतेक काळ, मध्ये काही आठवडे वगळता, न्यूटन वूल्सथॉर्पला होता. याच काळात कलनशास्त्राची मांडणी पुढे गेली. तिचा ऑक्टोबर १६६६ चा मसुदा उपलब्ध आहे. प्रकाशाच्या रंगांवर विचार झाला. चंद्राला कक्षेत धरून ठेवणारी ओढ आणि जमिनीवर वस्तू पाडणारी ओढ यांची तुलना करून पाहिली आणि आकडे बऱ्यापैकी जुळले. ही सुट्टी म्हणजे एकाएकी झालेला साक्षात्कार असे आपण वाचत आलो. ‘वेस्ट बुक’मधल्या नोंदी सांगतात की काम केंब्रिजला आधीच सुरू झाले होते आणि गुरुत्वाकर्षणाचा पूर्ण सिद्धांत ‘प्रिन्सिपिया’मध्ये यायला १६८७ उजाडले. मग घराने काय दिले? घराने दिला निवांतपणा. तेवीस वर्षांच्या धडधाकट मुलाने दीड वर्ष घरी राहावे आणि नांगराला हात लावू नये, ही चैन त्याच्या आधीच्या एकाही न्यूटनला मिळाली नव्हती. रॉबर्टने जोडलेली जमीन, थोरल्या आयझॅकचे कळप आणि हॅनाचा काटेकोर कारभार यांनी ती चैन मिळवून दिली.

सफरचंदाची गोष्ट याच दिवसांतली. ती खुद्द न्यूटननेच सांगितलेली आहे. १५ एप्रिल १७२६ रोजी, लंडनजवळच्या केन्सिंग्टनमध्ये, जेवणानंतर स्टुकलीबरोबर बागेत झाडांच्या सावलीत चहा घेताना म्हाताऱ्या न्यूटनने तरुणपणीची ती आठवण काढली. सफरचंद नेहमी सरळ खालीच का पडते, बाजूला किंवा वर का जात नाही, हा प्रश्न तेव्हा मनात आला होता. फळ डोक्यात पडल्याची भर नंतरच्या लोकांनी घातली. मला या आठवणीत वेगळेच काही दिसते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, टांकसाळीचा प्रमुख आणि रॉयल सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या माणसाला आपल्या सगळ्यात मोठ्या विचाराचे मूळ सांगताना आठवले ते घराच्या बागेतले झाड.

या घराशी त्याचे खरे सामोपचाराचे क्षण १६७९ च्या उन्हाळ्यातले आहेत. सावत्र भाऊ बेंजामिन तापाने आजारी पडला. त्याची शुश्रूषा करताना हॅनाला तोच ताप आला. न्यूटन केंब्रिजहून आला. रात्र रात्र जागला, स्वतःच्या हाताने तिच्या अंगावरच्या फोडांना औषध लावले. जूनच्या आरंभी कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये तिचे दफन झाले. लोकरीच्या धंद्याला आधार म्हणून त्या काळी इंग्लंडात कायदाच होता की प्रेत लोकरी कापडात गुंडाळूनच पुरावे. आयुष्यभर मेंढ्यांवर घर चालवलेल्या बाईचा शेवटचा पोशाख लोकरीचाच झाला. त्यानंतर न्यूटन अनेक महिने इथेच राहिला आणि जमिनीचे, कुळांचे, नातलगांचे व्यवहार निस्तरत बसला. सोळाव्या वर्षी टाळलेले काम सदतिसाव्या वर्षी त्याने केले. केंब्रिजला परतल्यावर नोव्हेंबरात रॉबर्ट हुकला लिहिलेल्या पत्रात त्याने या घरगुती व्यापाचे कारण सांगितले आहे. त्याच पत्रव्यवहाराने त्याला ग्रहांच्या गतीच्या प्रश्नाकडे पुन्हा वळवले.

१७२७ मध्ये न्यूटन वारला. लग्न नाही, मूल नाही, मृत्युपत्रही नाही. पैसा सावत्र भावंडांच्या आठ मुलांत वाटला गेला. जमीन मात्र बापाकडच्या वारसाकडे जायची, म्हणून ती काकाच्या वंशातल्या एका जॉन न्यूटनकडे गेली. त्याने ती काही वर्षांतच घालवली. शंभराहून अधिक वर्षे जोडलेले घर घराण्याच्या हातून असे सुटले. घर विकत घेतले ते टर्नर घराण्याने. पुढची दोन शतके घर त्यांच्या मालकीचे आणि शेत कुळांकडे राहिले.

माझ्या मते या घराच्या इतिहासाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग इथे सुरू होतो. न्यूटनच्या घरात न्यूटन फक्त बालपणी आणि मध्ये मध्ये राहिला. त्यात जन्मभर राहिली ती ही कुळे. त्यांनी चुली पेटवल्या, छपरे शाकारली, मेंढ्या कातरल्या आणि दारात येणाऱ्या पाहुण्यांना झाड दाखवले. १७९८ मध्ये जन्माच्या खोलीत संगमरवरी फलक बसला. १८२० मध्ये वादळाने ते जुने झाड आडवे केले. फांद्या कापून नेल्या, लाकडाची खुर्ची केली, पण बुंधा कोणी उपटला नाही. पडल्या जागीच त्याला पुन्हा धुमारे फुटले. ‘फ्लॉवर ऑफ केंट’ जातीचे ते झाड आजही तिथे फळ धरते. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, ही वास्तू रॉयल सोसायटी आणि पिल्ग्रिम ट्रस्ट यांच्या मदतीने नॅशनल ट्रस्टकडे आली.

त्या झाडाच्या कलमांचे गोत जगभर पसरले आहे. पुण्याचा त्यात वाटा आहे हे सांगताना मला आनंद होतो. डॉ. जयंत नारळीकर यांनी घडवलेल्या, चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात न्यूटनचा पुतळा आहे, आणि त्या झाडाच्या वंशातली रोपे या आवारात लावली गेली होती. लिंकनशायरच्या थंडीतले फळझाड दख्खनच्या उन्हात रुजवण्याच्या त्या खटपटीमागे विज्ञानाचे नाते जमिनीशी जोडण्याची ओढ मला दिसते.

पुस्तकाची मांडणी घराच्या क्रमाने केली आहे: आधी जमीन, मग भिंती, मग माणसे, शेवटी कुळे आणि पाहुणे. आधार घेतला तो साध्या कागदांचा. मृत्यूनंतरची मालयादी, गावकीच्या दंडाची नोंद, चर्चमधले जन्ममृत्यूचे दप्तर, एक पत्र, एक वही. असे कागद आपल्याकडेही घरोघरी आहेत. ट्रंकेच्या तळाशी जुनी खतावणी असते, फेरफाराचा उतारा असतो, कोणाच्या तरी अंगठ्याचा ठसा असतो. वाड्याची लाकडे विकताना हे दप्तर आपण रद्दीत देतो. ज्याच्या घरात न्यूटन जन्मला नाही, त्याच्या घरालाही इतिहास असतो. तो लिहायला बसावे असे एखाद्या वाचकाला वाटले तर माझे काम झाले.

शेवटी भिंतींबद्दल. लहानपणी न्यूटन भिंतींवर रेघा ओढी. सूर्याच्या सावलीची घड्याळे त्याने दगडात कोरली. त्यांतले एक आज कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये आहे. त्याच्यानंतर घराच्या भिंतींवर चुना चढला, मग कागद चढला. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिथे राहणाऱ्या कुळांनी जुना भिंतकागद सोलला तेव्हा खालून काही आकृती दिसल्या. २०१७ मध्ये वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून छायाचित्रे घेण्याच्या तंत्राने चुलीजवळच्या भिंतीवर आणखी एक चित्र सापडले. डोळ्यांना न दिसणारे, पोराच्या हाताने कोरलेले पवनचक्कीचे चित्र. बाप कागदावर नुसती खूण करी. त्याला न पाहिलेल्या मुलाने भिंतीवर यंत्र काढले. आणि ज्यांना त्यातले काहीच ठाऊक नव्हते अशा शेतकऱ्यांच्या पिढ्या त्या भिंतीला पाठ टेकून शेकत बसल्या, म्हणून ती भिंत उभी राहिली.